विश्लेषण : वारा ‘कुठून’ की ‘कुठे’? जमिनीवरच्या विमानात वारा आणणारे एडविन लिंक कोण होते?

फ्लाइट सिम्युलेटर सुरू केला, हवामानाचे पान उघडले आणि वाऱ्याच्या दिशेच्या रकान्यात २७० हा आकडा टाकला. आता वारा पश्चिमेकडून येणार की पश्चिमेकडे जाणार? प्रश्न किरकोळ वाटतो. पण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने इथे एक उणे चिन्ह विसरले, तर शिकणारा वैमानिक वाऱ्याच्या नेमक्या उलट बाजूला विमान वळवायची सवय लावून घेतो. या सिम्युलेटरची सुरुवात संगणकापासून झालेली नाही. ती झाली अमेरिकेतील एका पियानो कारखान्याच्या तळघरात, एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या हातून. वाऱ्याने आणि पुढे पाण्याच्या प्रवाहाने लिंक यांच्या आयुष्याला कसे वळण दिले, त्याची ही गोष्ट.

२७० म्हणजे नेमके काय?

मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीचे नाव ०९-२७. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून बहुतेक विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने येऊन पश्चिमेला तोंड करून २७ क्रमांकाच्या टोकावर उतरतात. वारा २७० अंश, वेग २० नॉट असा असेल, तर तो समोरून येतो. विमानाचा हवेतील वेग १४० नॉट असला तरी जमिनीच्या तुलनेत ते १२० नॉटनेच पुढे सरकते. हाच वारा उलट्या दिशेने धरला, तर जमिनीवरचा वेग १६० नॉट होतो. फरक ४० नॉटचा, म्हणजे ताशी ७४ किलोमीटरचा. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे विमान थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. धावपट्टीची लांबी तेवढीच राहते.

वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचे नाव द्यायचे, हा जगभरचा जुना रिवाज आहे. मराठी माणसाला तो वेगळा शिकावा लागत नाही. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात. खारे वारे समुद्रावरून येतात, मतलई वारे जमिनीवरून. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण बरोबर उलटे बोलतो. गोदावरी आणि कृष्णा पूर्ववाहिनी, म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या. नर्मदा आणि तापी पश्चिमवाहिनी. समुद्रातील प्रवाहही जगभर ‘कुठे जातो’ यावरून सांगतात. शाळेच्या भूगोलात हे दोन्ही धडे शेजारी-शेजारी असतात आणि त्यातला विरोध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लिंक यांना दोन्ही रिवाजांशी काम पडले. आधी हवेच्या, मग पाण्याच्या.

पियानोच्या कारखान्यातून विमानाकडे

एडविन अल्बर्ट लिंक यांचा जन्म २६ जुलै १९०४ रोजी इंडियाना राज्यातील हंटिंग्टन येथे झाला. १९१०मध्ये कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी आले. तिथे वडिलांनी आपोआप वाजणाऱ्या वाद्यांची एक बुडीत निघालेली कंपनी ताब्यात घेतली आणि पियानो व थिएटर ऑर्गन बनवायला सुरुवात केली. मूकपटांचा तो काळ. चित्रपटगृहात संगीतासाठी ऑर्गन लागायचा. या वाद्यांत वीज कमी आणि हवा जास्त. छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी फिरायची, छिद्रातून हवा शिरली की झडप उघडायची, भाता फुगायचा किंवा मिटायचा आणि सूर उमटायचा. संगीत नाटकातल्या ऑर्गनचा भाता पायाने चालवताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हवेच्या दाबाची ही करामत अनोळखी वाटणार नाही. धाकटे लिंक यातच वाढले. कॉलेजची पदवी त्यांच्याकडे नव्हती, भात्यांची आणि झडपांची नस मात्र त्यांना पक्की ठाऊक होती.

१९२०मध्ये, सोळाव्या वर्षी, लॉस एंजेलिस येथे त्यांनी उड्डाणाचा पहिला धडा घेतला. विमान कंपनी होती चार्ली चॅप्लिन यांचे सावत्र भाऊ सिडनी यांची. तासाचे ५० डॉलर मोजले. वैमानिकाने आकाशात कोलांट्या मारल्या, गिरक्या घेतल्या, खाली झेप घेऊन जमिनीला जवळजवळ टेकून वर नेले. विद्यार्थ्याला मात्र दांड्याला हातही लावू दिला नाही. त्या काळी विमान शिकणे हे असे होते. विमान महाग, इंधन महाग, आणि नवख्याच्या हाती दिले तर दोघांचेही मरण. ५० डॉलर देऊनही हात रिकामेच राहिले, ही बोच लिंक यांच्या मनातून गेली नाही.

पुढची काही वर्षे ते दिवसा कारखान्यात राबत आणि जमेल तेव्हा उडत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे दीड वर्ष त्यांनी कारखान्याच्या तळघरात एक विचित्र वस्तू जुळवली. आखूड पंखांचे, खेळण्यासारखे दिसणारे लाकडी विमान. आत एक माणूस बसेल एवढी जागा. बुडाशी ऑर्गनचे भाते. दांडा डावीकडे ओढला की एका बाजूच्या भात्यातील हवा खेचली जाई आणि विमान डावीकडे कलत असे. पुढे, मागे, आडवे, गोल अशा सगळ्या हालचाली होत; फक्त ते जमीन सोडत नसे. १९२९मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९३१मध्ये ते मिळाले. गंमत म्हणजे अर्जातच या वस्तूचे दोन उपयोग नोंदवले होते. विद्यार्थी वैमानिकांचे शिक्षण आणि करमणूक.

करमणुकीला आधी गिऱ्हाईक मिळाले. उड्डाण शिकवणाऱ्या संस्थांनी पाठ फिरवली आणि जत्रा-उद्यानांच्या मालकांनी नाणे टाकून बसायचा खेळ म्हणून ही यंत्रे घेतली. त्यात १९२९ची मंदी आली आणि बोलपट आल्याने थिएटर ऑर्गनचा धंदाही बसला. पोट भरण्यासाठी लिंक यांनी विमानाखाली दिव्यांची पाटी लावून रात्रीच्या आकाशात जाहिराती फिरवल्या. दिव्यांची उघडझाप करायला पुन्हा तीच पियानोची छिद्रांची गुंडाळी. या रात्रीच्या उड्डाणांत खालची जमीन दिसत नसताना फक्त उपकरणांवर भरवसा ठेवून उडायचा सराव मात्र त्यांना झाला. १९३१मध्ये पत्रकार मॅरियन क्लेटन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे धंद्याचा हिशेब, पत्रव्यवहार आणि सागरी मोहिमांचे लेखन मॅरियन यांनीच सांभाळले. एकट्या एडविन यांच्या नावावर खपणाऱ्या पुष्कळ गोष्टींत त्यांचा निम्मा वाटा आहे.

धुक्यातून आलेला विक्रेता

फेब्रुवारी १९३४मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी खासगी विमान कंपन्यांची टपाल कंत्राटे रद्द करून हवाई टपालाचे काम लष्कराकडे दिले. कंत्राट वाटपात गैरव्यवहार झाल्याचा आरोप होता. लष्कराच्या वैमानिकांना स्वच्छ आकाशात उडायची सवय होती. ढगात, बर्फात, रात्री उपकरणांकडे पाहून उडायची नव्हती. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक आणि कर्मचारी मृत्युमुखी पडले. वर्तमानपत्रांनी सरकारला धारेवर धरले.

इथे वाऱ्याचा धडा नीट समजून घ्यायला हवा, कारण ढगातील उड्डाणात तो दिसत नाही. विमान हवेत असते म्हणजे हवेच्या मोठ्या गठ्ठ्याबरोबर वाहत असते. संथ, सलग वारा विमानात बसलेल्याला जाणवतच नाही. पूर आलेली नदी पोहून ओलांडणारा माणूस नाकासमोर पोहत असतो, पण लागतो तो समोरच्या घाटाच्या बराच खाली. त्याला निदान काठ दिसतो. ढगातील वैमानिकाला काहीच दिसत नाही. १०० नॉट वेगाने उत्तरेकडे जाणाऱ्या विमानावर पश्चिमेचा २० नॉट वारा असेल, तर तासाभरात ते ठरलेल्या रेषेच्या पूर्वेला २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर सरकते. वैमानिकाने वाऱ्याची दिशा उलट समजून नाक चुकीच्या बाजूला वळवले, तर चूक जवळपास दुप्पट होते. डोंगराळ भागात ढगाखाली उतरायला तेवढे पुरेसे असते.

मृत्यूंच्या त्या मालिकेत लष्करातील काही अधिकाऱ्यांना बिंगहॅम्टनच्या यंत्राची आठवण झाली. न्यूअर्क येथे भेट ठरली. त्या दिवशी धुके इतके दाट होते की कोणी विमान घेऊन येणे शक्य नाही, असे समजून अधिकारी निघण्याच्या बेतात होते. तेवढ्यात घरघर ऐकू आली आणि लिंक उपकरणांच्या आधारे उतरले. यंत्राची जाहिरात करायला आणखी काही बोलावे लागले नाही. जून १९३४मध्ये लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरना सहा यंत्रे घेतली.

त्यानंतर मागणी थांबलीच नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानच्या नौदलानेही ही यंत्रे विकत घेतली होती, हा इतिहासातला एक बोचरा तपशील. युद्धकाळात निळ्या रंगाच्या आणि पिवळ्या पंखांच्या या पेट्या मित्रराष्ट्रांच्या तळांवर सर्वत्र दिसू लागल्या. ‘ब्लू बॉक्स’ हे त्यांचे टोपणनाव. १० हजारांहून अधिक यंत्रे बनली, पाच लाखांहून अधिक हवाई सैनिक त्यांवर शिकले.

खेकडा आणि त्याची रेघ

या यंत्राची खरी शाळा पेटीच्या आत नव्हे, बाहेर प्रशिक्षकाच्या टेबलावर भरायची. पेटीवर झाकण ओढले की विद्यार्थ्याला फक्त उपकरणे दिसत. टेबलावर नकाशा अंथरलेला असे आणि त्यावर तीन चाकांचे एक छोटे यंत्र सरकत असे. त्याला खेकडाच म्हणत. दोन चाके मोटरवर चालत आणि तिसरे शाईने रेघ ओढत जाई. विद्यार्थी पेटीत ज्या दिशेने आणि वेगाने ‘उडत’ असे, त्यानुसार खेकडा नकाशावर चाले. तास संपला की झाकण उघडून विद्यार्थ्याला ती रेघ दाखवायची. तो कुठे भरकटला, यावर वाद घालायला जागाच उरत नसे.

नंतरच्या यंत्रांत वाऱ्याची दिशा आणि वेग लावायची सोय टेबलावर आली. तिच्यामागचा विचार पाहण्यासारखा आहे. सलग वारा पेटीला हलवत नाही, कारण खऱ्या विमानातही तो जाणवत नाही. तो फक्त खेकड्याची रेघ वाकडी करतो. आतल्या विद्यार्थ्याच्या दिशादर्शकावर सारे ठीक दिसते आणि बाहेर नकाशावर विमान हळूहळू बाजूला जात असते. हिशेब करून आधीच नाक वाऱ्याकडे थोडे वळवणे, एवढाच उपाय. हवामान खात्याचा आकडा ‘कुठून’चा असतो आणि रेघ सरकते ‘कुठे’च्या बाजूला. ही अदलाबदल कुठेतरी व्हावीच लागते. भात्यांच्या यंत्रात ती दात्यांच्या चाकांनी होते, संगणकात उणे चिन्हाने.

सॉफ्टवेअरमध्ये घोळ कुठे होतो?

संगणकाला वारा आकड्यांच्या जोडीत लागतो. उत्तरेकडे किती, पूर्वेकडे किती. भौतिकशास्त्रात वेग म्हणजे वस्तू जिकडे जाते ती दिशा. हवामानाची संगणकी प्रारूपेही असेच दोन घटक वापरतात. पश्चिमेचा वारा तिथे पूर्वेकडचा अधिक आकडा असतो. विमानतळाच्या मेटार अहवालात मात्र तोच वारा २७० असा छापून येतो. म्हणून रूपांतर करताना दोन्ही घटकांपुढे उणे चिन्ह लागते. त्यात गणिताच्या पुस्तकातील कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट मोजतात आणि वैमानिकाचा कोन उत्तरेपासून घड्याळाप्रमाणे. पहिल्या वर्षाच्या अभियांत्रिकीत पक्की झालेली सवय इथे घात करते.

फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरने यावर साधा तोडगा काढला. वाऱ्याच्या घटकांच्या नावातच ‘उत्तरेकडून’, ‘पूर्वेकडून’ असे शब्द घातले. विमानाचे गणित करणाऱ्या जेएसबीसिम या भागाला मात्र हवा कुठे जाते हे लागते. त्यामुळे आकडे त्याच्या हाती देताना उणे चिन्ह लावून दिले जातात. दोन्ही पद्धती बरोबरच आहेत, एकमेकांना न सांगता वापरल्या की चुकतात. नावात दिशा घालणे ही दिसायला बारीक गोष्ट आहे. पण सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाला तीच वाचवते.

सिम्युलेटर लिहिणाऱ्याला आणखी एक निवड करावी लागते. उत्तर कोणती, खरी की होकायंत्राची? मेटारमधील वारा खऱ्या उत्तरेपासून मोजतात. नियंत्रण कक्ष उतरणाऱ्या वैमानिकाला सांगतो तो चुंबकीय उत्तरेपासून, कारण धावपट्टीचे क्रमांकही तसेच ठरतात. मुंबईत दोन्हींत फरक नगण्य आहे, म्हणून इथे बसून कोड लिहिणाऱ्याला चूक सापडणारच नाही. लिंक यांच्या बिंगहॅम्टनला तो सुमारे १२ अंश आहे.

धावपट्टीशेजारी फडकणारी कापडी नळी, म्हणजे विंडसॉक, नवख्याला आणखी गोंधळात टाकते. तिचे रुंद तोंड वाऱ्याकडे असते आणि शेपूट वारा जातो तिकडे. देवळाच्या शिखरावरचा झेंडाही तसाच फडकतो. वातकुक्कुटाची चोच मात्र वाऱ्याकडे असते.

आकाशातून समुद्राकडे

युद्धात ब्रिटिश हवाई दलासाठी लिंक यांनी ताऱ्यांवरून मार्ग शोधण्याचे भव्य प्रशिक्षण यंत्रही उभारले. सुमारे ४५ फूट उंच इमारतीत मावणारे, वर ताऱ्यांचा घुमट, खाली बॉम्बफेकी विमानाच्या कर्मचाऱ्यांची जागा. दिशाशास्त्रज्ञ पी. व्ही. एच. वीम्स त्यांच्या सोबतीला होते. १९५४मध्ये त्यांनी कंपनी जनरल प्रिसिजन इक्विपमेंटला विकली. पुढे याच कंपनीच्या लिंक विभागाने जेमिनी आणि अपोलो यानांची सिम्युलेटर बनवली. तोवर एडविन यांचे मन समुद्रात रमले होते.

स्पॅनिश गलबतांचे अवशेष, जमैकातील १६९२च्या भूकंपात बुडालेले पोर्ट रॉयल शहर, इस्राएलमधील कैसरियाचे प्राचीन बंदर अशा मोहिमा मॅरियन यांच्यासह झाल्या. मग खोल पाण्यात माणूस किती वेळ राहू शकेल, हा ध्यास लागला. ऑगस्ट १९६२मध्ये वयाच्या ५८व्या वर्षी लिंक स्वतः ६० फूट खोलीवर धातूच्या नळकांड्यात आठ तास राहिले. पुढच्याच महिन्यात रॉबेअर स्तेनुई हा बेल्जियन पाणबुड्या त्याच नळकांड्याच्या आधाराने २०० फुटांवर एक दिवसाहून अधिक काळ राहिला. १९७१मध्ये उद्योगपती सीवर्ड जॉन्सन यांच्यासह ‘जॉन्सन सी लिंक’ ही पाणबुडी तयार झाली. पुढे पारदर्शक ॲक्रिलिकचा गोळा, मागे पाणबुड्यांसाठी ॲल्युमिनियमचा कक्ष.

१७ जून १९७३ रोजी फ्लोरिडातील की वेस्टजवळ ही पाणबुडी सुमारे ३६० फूट खोलीवरील एका बुडवलेल्या विनाशिकेच्या अवशेषांत अडकली. आत चौघे होते. मागच्या कक्षात एडविन यांचा ३१ वर्षांचा मुलगा एडविन क्लेटन लिंक आणि अनुभवी पाणबुड्या अल्बर्ट स्टोव्हर. श्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे रसायन थंडीत नीट काम करत नाही. ॲक्रिलिकचा जाड गोळा ऊब धरून ठेवतो, ॲल्युमिनियम ती बाहेरच्या पाण्याला देऊन टाकते. मागचा कक्ष गारठला आणि तिथली हवा विषारी होत गेली. वरून मदतीला उतरणाऱ्या पाणबुड्यांना समुद्राच्या जोरदार प्रवाहाने पुढे सरकू दिले नाही. पाणबुडी सुटून वर आली तेव्हा एक दिवसाहून अधिक काळ लोटला होता. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे नाही.

पाणबुडी लिंक यांच्याच कल्पनेतली होती. कोणत्या वस्तूने उष्णता बाहेर गेली, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या काळात सागरतळाशी जाणाऱ्या पाणबुड्यांसाठी खेकड्याची रेघ नव्हती, झाकण उघडून चूक दाखवण्याची सोय नव्हती. मुलाच्या मृत्यूनंतर लिंक पुन्हा कामाला बसले आणि त्यांनी ‘कॉर्ड’ नावाचे यंत्र आखले. जहाजावरून केबलने चालवायचे, आत माणूस नसलेले, कॅमेऱ्याने पाहणारे आणि अडकलेली पाणबुडी सोडवायला जाणारे. वैमानिकांसाठी त्यांनी एक पेटी बनवली होती, जिच्यात बसून चुकले तरी कोणी मरत नसे. आता माणसाला पाठवण्याची वेळच येऊ नये, असे यंत्र ते बनवत होते.

७ सप्टेंबर १९८१ रोजी बिंगहॅम्टन येथे ७७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गावच्या विमानतळाला आता एडविन ए. लिंक फील्ड असे नाव आहे. तिथले मेटार अहवाल सिम्युलेटरवाले जसेच्या तसे उचलतात. वाऱ्याचे पहिले तीन अंक ‘कुठून’चे, खऱ्या उत्तरेपासून. धावपट्टी १६-३४ ही चुंबकीय उत्तरेपासून. आडव्या वाऱ्याचा हिशेब करताना ते १२ अंश मिळवावे लागतात, आणि मगच विमान उतरवायला घ्यायचे.